वालाच्या वाफ्यातला बोका

गेल्या वर्षी दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंत मी एका बोक्याशी भांडत होते. ऑफिसात, भाजीबाजारात, नात्यातल्या साखरपुड्यात, जाईन तिथे माझा एकच विषय असायचा: मांजराला वाफ्यातून कसं हाकलायचं. लोक हसायचे. माझ्या नवऱ्याने तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली होती की आमच्याकडे हल्ली राजकारणावर बोलत नाहीत, फक्त बोक्यावर बोलतात. हसू देत. माझी आई नाशकात माझ्याजवळ राहणार की नाही, हे त्या वाफ्यावरून ठरायचं होतं. ते एका उनाड बोक्याने ठरवावं, हे मला मंजूर नव्हतं.

आमचं घर दिंडोरी रोडच्या एका कॉलनीत आहे. बैठं घर, पुढे गेट, गेटच्या आत स्कूटर कशीबशी मावेल एवढी फरशी आणि कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचा एक लांबट पट्टा. कुंड्यांमध्ये तुळस, मोगरा, कढीपत्ता. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे जुने प्लास्टिकचे क्रेट, त्यात मेथी नाहीतर कोथिंबीर. क्रेट आम्हाला कधी शोधावे लागत नाहीत. माझं माहेर द्राक्षबागेचं, दिंडोरीच्या पुढे, गावाबाहेर मळ्यात. वडील गेल्यावर बाग माझा चुलतभाऊ बघायला लागला आणि आई मळ्यातल्या घरातच राहिली. चुलतभाऊ आणि वहिनी हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर राहतात.

पावसाळ्यात आई ओट्याच्या पायरीवरून घसरली आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. मी गाडी करून तिला घेऊन आले. प्लास्टर असेपर्यंत ती मुकाट राहिली. ज्या दिवशी ते निघालं त्या दिवशी तिने पलंगाखालची पिशवी बाहेर ओढली, लुगडी घड्या करून आत भरली आणि मला म्हणाली, "चल, सोड मला."

मी नाही म्हणाले. ती जाणार म्हणाली. आमच्या घराण्यात हट्ट हा आईकडून लेकीकडे येतो, त्यामुळे ते भांडण लवकर मिटण्यातलं नव्हतं. "तिथे आता आहे काय तुझं?" असं मी विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "माझं समदं तिथंच हाय." मला ते लागलं. मी तिची एकुलती एक मुलगी, आणि मी इथे होते. पण बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि रडून जिंकायचं नव्हतं.

तोडगा शेवटी तिनेच काढला. पिशवीच्या तळातून तिने एक फडक्याची पुरचुंडी काढली. आत राखेत घोळलेलं वालाचं बी होतं, काळपट दाणा आणि त्यावर पांढरी रेघ. हा वाल आई लग्न झाल्यापासून दरसाल विहिरीच्या कडेला लावत आली होती, आणि दरसाल त्यातलंच बी पुढच्या वर्षाला ठेवत आली होती. वडील गेले त्या साली लावायचा राहिला, म्हणून होतं ते बी तेवढंच.

"हे इथं पेरते," आई म्हणाली. "उगवलं तर इथली माती मला घेती म्हनायचं. मी ऱ्हाईन. नाय उगवलं तर तू मला गुमान नेऊन सोडायचं. मंग तू बोलायचं नाय आन मी बोलायचं नाय."

आईने शब्द दिला की तो दिला. वडिलांच्या आजारपणात तिने चहा सोडला होता, ते बरे व्हावेत म्हणून. ते बरे झाले नाहीत, गेले. त्यानंतर सगळ्यांनी सांगून पाहिलं की आता घे चहा, आता कुणासाठी सोडायचा. तिने पुन्हा कप तोंडाला लावला नाही. म्हणून तिने ही अट घातली तेव्हा मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाल काय, रस्त्याच्या कडेला टाकला तरी उगवतो. मी लगेच हो म्हणाले आणि तिच्यासाठी एक कपाट रिकामं करून टाकलं.

वाफा तिने स्वतः केला. मनगट अजून दुखत होतं, तरी उकिडवं बसून उजव्या हाताने तिने भिंतीलगतची माती मोकळी केली, खडे वेचले, शेणखत मिसळलं आणि माझी पिठाची जुनी चाळण घेऊन वरचा थर चाळला. माती अशी मऊ झाली की हात घातला तर मनगटापर्यंत जावा. त्यात तिने बोटाने खळगे केले, थोडं बी टाकलं, थोडं मागे ठेवलं. पाणी शिंपडून आम्ही आत गेलो.

सकाळी बघते तर वाफ्याच्या मधोमध भुरा बोका बसलेला. एक कान फाटलेला, तोंड एखाद्या जुन्या पहिलवानासारखं. त्याचा विधी चालला होता. तो उरकल्यावर त्याने माझ्याकडे बघत बघत, जराही घाई न करता, पुढच्या पायाने माती ओढून सगळं नीट झाकलं. वालाचे दाणे फरशीभर उडाले होते. मी चप्पल फेकली. ती कढीपत्त्याला लागली.

आई दारात आली. वाफा बघून म्हणाली, "बघ. मातीच नको म्हनती."

"मातीने काय केलं? हे बोक्याने केलंय."

"बोका कुनी धाडला?"

मी म्हणाले, हे धरायचं नाही, बी उगवायला संधीच मिळाली नाही. तिला ते पटलं, किंवा पटल्यासारखं तिने दाखवलं. म्हणाली, "बरं. अजून बी हाय."

मग मी कंबर कसली. मांजरावर नाशकात प्रत्येकाकडे औषध आहे, फक्त मांजर कुणाचंच ऐकत नाही. ऑफिसातल्या एकीने संत्र्याच्या साली सांगितल्या. आम्ही सगळ्या घराने संत्री खाल्ली, साली वाफ्यात पसरल्या. बोक्याने त्या बाजूला सारल्या आणि त्यांच्याच शेजारी बसला. दुसरीने कॉफीची पूड सांगितली. पूड टाकल्यावर वाफ्याला छान वास यायला लागला, बोका दिवसातून दोनदा यायला लागला. समोरच्या बंगल्यात कुत्र्यांसाठी निळीच्या पाण्याच्या बाटल्या गेटला टांगतात, मी त्या वाफ्यात उभ्या केल्या. त्यांच्या सावलीत तो झोपलेला सापडला. भाजीवाला म्हणाला, लाल तिखट टाका. मी डबा घेऊन निघाले तेव्हा आईने हात धरला. "डोळ्यात गेलं तर मुक्या जनावरानं काय करायचं? आन त्या मातीत आपन खायचं पेरलंय." म्हणून डांबरगोळ्याही बाद झाल्या.

माझा पारा चढत गेला तसं बोक्याचं राज्य वाढत गेलं. मेथीचे क्रेट त्याने उकरले. मोगऱ्याच्या कुंडीत वेटोळं करून झोपायला लागला. तुळशीच्या कुंडीला हात घातला त्या दिवशी मात्र मी शेजारच्या काकूंकडे गेले. काकू विधवा, मुलं परदेशात, आणि त्या बोक्याला सकाळसंध्याकाळ बशीभर दूध घालतात. मी म्हणाले, "काकू, बोका तुमचा असेल तर त्याला तुमच्या कुंड्या दाखवा."

"अगं, माझ्याकडे माती कुठे आहे?" काकू म्हणाल्या. "माझ्या सगळ्या शोभेच्या झाडांच्या कुंड्यांत मी वरती गोटे घातलेत. तो बिचारा जाणार कुठे?"

म्हणजे स्वतःच्या कुंड्या गोट्यांनी झाकून त्यांनी बोका आमच्याकडे लावून दिला होता, आणि वर बिचारा! मी तिथून तडक घरी आले आणि नवऱ्यावर ओरडले.

दुसऱ्या पेरणीवर आम्ही बागेची जुनी जाळी ताणून बांधली. बोक्याला ती फार आवडली. झोळीत बाळ निजावं तसा तो त्या जाळीवर निजायचा, जाळी मातीला टेकायची, आणि एका कडेने सैल झाली की तिथून तो आत शिरायचा. तीही पेरणी वाया गेली. त्यातली किती बोक्याने घालवली हे मला आज सांगता येणार नाही. तेव्हा मात्र मी सगळी त्याच्याच नावावर टाकली.

आई रोज पायरीवर बसून माझी धावपळ बघायची. डाव्या मनगटावर उजवा हात ठेवलेला. मध्येच म्हणायची, "कशाला जिवाला घोर लावून घेतीस." मी म्हणायचे, "तू राहणार आहेस. मी सांगते ना." मला वाटायचं, तिला ते ऐकून बरं वाटत असेल.

तोवर माहेरी गोडी छाटणी झाली. द्राक्षाची ऑक्टोबरातली ही छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. फोनवर बोलता बोलता चुलतभाऊ म्हणाला, "तायडे, काड्या रोव की दाट. मांजराला बसायला जागाच नाय ठेवायची." एवढी साधी गोष्ट, आणि मी द्राक्षाच्या घरातली असून संत्री सोलत बसले होते! रविवारी मी एकटीच मळ्यात जाऊन स्कूटरवर काड्यांचा भारा बांधून आणला. आईला मुद्दामच नेलं नाही. नेलं असतं तर ती परत आली नसती.

त्या दुपारी आईने पुरचुंडी झटकून उरलेलं सगळं बी पेरलं. "हे शेवटचं," ती म्हणाली. मी वीतवीतभर काड्या तोडून वाफाभर रोवल्या, मूठभर जागा सोडून एक, मूठभर जागा सोडून एक. काडीवर जिथून फूट निघते त्याला आमच्याकडे डोळा म्हणतात. लागवडीची काडी रोवताना तो डोळा वर बघणारा ठेवतात. लहानपणी सुट्ट्यांमध्ये मी हेच काम केलेलं, त्यामुळे माझ्या हाताने आपोआप सगळ्या काड्या डोळा वर ठेवूनच रोवल्या. बोका आला. भिंतीवरून उतरला, एक पाय काड्यांमध्ये ठेवून बघितला, काढून घेतला, दुसरीकडून बघितलं आणि शेपटी ताठ करून निघून गेला. मी फरशीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी शिरा केला. आईनेही खाल्ला.

वालाला उगवायला आठवडा पुरतो. आठवडा गेला. मी रोज ऑफिसला जायच्या आधी वाकून बघायचे, आल्यावर चप्पल न काढता बघायचे. माती सपाट, ओली, स्वच्छ. बोक्याचा पत्ता नाही आणि वालाचाही नाही. पाणी जास्त झालं का, बी जुनं होतं का, या विचारांनी माझं कामात लक्ष लागेना. आई म्हणायची, "नाय घेत गं माती. सोड आता." मी म्हणायचे, "अजून चार दिवस थांब." माझी जिद्द आता माझ्याच अंगावर यायला लागली होती. रिकामं केलेलं कपाट तसंच रिकामं होतं, आईची लुगडी अजून पिशवीतच होती, आणि ते मला दिसत होतं.

मग एका सकाळी वाफ्याच्या एका टोकाला ओरखडे दिसले. मातीवर सरळ ओढलेल्या रेघा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच, हातात पाण्याची झारी घेऊन, काकूंच्या दारात गेले आणि कॉलनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांना सुनावलं. तुमच्या बोक्यापायी माझी आई मला सोडून चालली आहे, असंही बोलून गेले. हे बोलायचं ठरवलं नव्हतं.

काकू चिडल्या नाहीत. मला आत घेऊन गेल्या. गॅलरीत एका टोपलीत जुन्या स्वेटरवर बोका पडला होता, मागच्या पायाला पट्टी बांधलेली.

"परवा मोटरसायकलखाली आला," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून टोपलीतून उठला नाही गं. दूधसुद्धा चमच्याने पाजतेय."

बोक्याने माझ्याकडे बघून डोळे मिटले.

परत येऊन मी वाफ्यापाशी उकिडवी बसले. दुसरं मांजर असेल, घूस असेल, असं मनात घोळत होतं. जवळून बघितलं तर रेघांच्या मागेपुढे माती तळहाताने थापटलेली होती. मांजर झाकतं, पण थापटत नाही. आणि मग मला काड्या दिसल्या. त्या टोकाच्या, आणि नीट बघितल्यावर जवळजवळ अर्ध्या वाफ्यातल्या काड्यांचे डोळे खाली बघत होते.

आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. लागवडीची काडी डोळा वर. पण काडी नुसत्या आधाराला, कुंपणाला रोवायची असेल तर डोळा खाली, म्हणजे ती रुजत नाही, फुटत नाही, नको तिथे वेल होत नाही. वडील यावर फार कडक होते. मी घाईत चुकीच्या रोवल्या होत्या. आणि कुणीतरी, जिथे हात शिरत नव्हता तिथल्या काड्या एकेक उपटून, वाफ्यातलं सगळं बी काढून घेऊन, माती थापटून, परत रोवताना न राहवून बरोबर रोवल्या होत्या. बोक्याला हे जमणार नव्हतं. काकूंना काडीला डोळा असतो हेही माहीत नसणार. माझ्या नवऱ्याला माहीत नाही. घरात हे कळणारा हात एकच होता.

मला आधी संताप आला. मी महिनाभर साली पसरतेय, जाळ्या बांधतेय, शेजाऱ्यांशी वैर घेतेय, आणि ही मी ऑफिसला गेले की बसून बी काढतेय! माझ्याजवळ राहायचं एवढं जड होतं? मी तशीच आत गेले. आई स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून मेथी निवडत होती. माझ्या तोंडात सगळे शब्द तयार होते.

तिने वर बघितलं आणि विचारलं, "दूध तापवू का? का तापलंय तुझं आंघोळीचं पानी, आधी आंघोळ करतीस?"

दूध तापवू का. टीव्ही लावू का. खिडकी उघडू का. या घरात येऊन इतके दिवस झाले, पण ती प्रत्येक गोष्ट विचारून करत होती. मळ्यातल्या घरात मी तिला कुणाला काही विचारताना पाहिलेलं नाही. तिथे वडीलसुद्धा डबा कुठे आहे ते तिला विचारायचे. माझ्या घरात मला न विचारता तिने एकच काम केलं होतं: ते बी काढलं होतं.

दारात उभी राहून मला ते सगळं समजत गेलं. बी उगवलं असतं तर तिला राहावं लागलं असतं, कारण शब्द दिला होता. शब्द मोडणं तिच्याच्याने होणार नव्हतं. आणि पोरी, मला तुझ्याकडे राहायचं नाही, हे माझ्या तोंडावर म्हणणंही तिच्याच्याने होणार नव्हतं, कारण मला वाईट वाटलं असतं. म्हणून तिने ते बोक्यावर ढकललं. ओरखडेसुद्धा काढले, दुखऱ्या हाताने. माझं मन राखायला तिने एवढं सगळं केलं होतं. राग गेला असं मी म्हणणार नाही. राग होताच. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

मी तिच्यासमोर बसले आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

"आई, वाल काही उगवत नाही," मी म्हणाले. "बोक्यापुढे मी हात टेकले. रविवारी सोडते तुला मळ्यात."

तिचे हात थांबले. "राग नाय ना आला तुला?"

"आलाय. बोक्याचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काड्या बघितल्या होत्या हे तिला कळलं की नाही, माहीत नाही. मग म्हणाली, "लय वांड हाय मेला," आणि खाली मान घालून भराभरा पानं खुडायला लागली. त्या संध्याकाळी तिने कुणाला न विचारता आमच्यासाठी चहा टाकला. स्वतः घेतला नाही.

पण मी हात टेकले ते फक्त वाफ्यापुरते. रविवारच्या आधी मी मळ्यात दोन फेऱ्या मारल्या. ओट्याच्या पायरीला लोखंडी कठडा बसवून घेतला, मोरीतली गुळगुळीत फरशी उखडून खडबडीत टाकली. वहिनीला बजावलं की सकाळी आईच्या घरातून धूर दिसला नाही तर आधी तिकडे जायचं आणि मग मला फोन करायचा. आईलाही सांगितलं, रोज सकाळी माझा फोन येईल आणि तो घ्यावा लागेल, त्याला बोक्याचं निमित्त चालणार नाही. ती म्हणाली, "बरं बाई." कठडा बघून म्हणाली, "म्हातारी झाले का काय मी?" आणि तोच कठडा धरून वर चढली.

तिला सोडून घरी आले तेव्हा घर मोठं वाटायला लागलं होतं. पलंगावरची चादर काढायला गेले तर उशीखाली फडक्याची पुरचुंडी होती. राख घातलेली, गाठ मारलेली. आत वाल. काही दाणे पाण्याने फुगून परत सुकलेले, सुरकुतलेले, पण बरेचसे चांगले, जसेच्या तसे. तिने काढलेला एकेक दाणा पुसून, वाळवून, राखेत घोळवून ठेवला होता. आई स्वतःची फणी कधी कुठे विसरत नाही. बी विसरली असं मला कुणी सांगू नये.

मी उशी पोटाशी धरून मनसोक्त रडले. मग उठले आणि सगळ्या काड्या उपटून काढल्या. माती परत चाळली, खळगे केले, बी टाकलं आणि काड्या रोवल्या, या वेळी सगळ्या डोळा खाली. बोक्याची पट्टी निघाली होती. तो लंगडत आला, काड्या हुंगल्या, आणि माझ्याकडे न बघता भिंतीवर जाऊन बसला. त्याची माफी मी मागितली नाही, कारण पहिली पेरणी त्यानेच घालवली होती. काकूंची मागितली.

वाल आठवड्याच्या आत उगवला. आधी माती तडकली, मग वाकलेली मान वर आली, मग दोन जाड पानं. मी ऑफिसची पर्स खांद्याला लावून तिथेच उभी होते. एक फोन करायचा अवकाश होता. आई, उगवलं, एवढं म्हणाले असते तर तिने एका शब्दाने वाद घातला नसता. पिशवी भरून पुढच्या एसटीने आली असती, माझ्या घरात राहिली असती आणि मरेपर्यंत मला विचारत राहिली असती, दूध तापवू का. मला ती हवी होती. आजही हवी आहे. मी फोन पर्समध्ये टाकला आणि ऑफिसला गेले.

रोज सकाळी बोलणं होत होतं. बाग कशी आहे, मणी किती फुगले, वहिनीचं काय म्हणणं, माझा दुखणारा गुडघा. वालाचं ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हते. वेल काड्यांना सोडून खिडकीच्या गजांवर चढले. संक्रांत झाली, फुलं गळून शेंगा धरायला लागल्या, आणि एका सकाळी तिने विचारलंच.

"काय गं, बी सापडलं का तुला?"

"सापडलं."

"पेरलं?"

"पेरलं."

"मंग?"

मी खिडकीपाशी उभी होते. गजांच्या बाहेर शेंगांचे घोस लोंबत होते, एवढ्या जवळ की हात घातला तर तोडता यावेत. भिंतीवर बोका ऊन खात पडला होता.

"नाही गं उगवलं," मी म्हणाले. "बोक्याने उकरलं सगळं."

पलीकडे बागेत ट्रॅक्टर चालू होता.

"लय वांड हाय तुझं बोकं," आई म्हणाली. मग म्हणाली, "शेंगा कवळ्या असतानाच तोडीत जा. जून झाल्या का चव जाती. आन चार शेंगा वेलावरच वाळू दे, बियाला."